ओमा, कार्सिनोमा, सार्कोमा: गाठीचं नाव काय सांगतं आणि काय सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा: बायोप्सीच्या रिपोर्टात कधी ‘लीजन’ लिहिलेलं असतं, कधी ‘ट्यूमर’, कधी ‘निओप्लाझम’, तर कधी थेट ‘कार्सिनोमा’. हे सगळे शब्द कॅन्सरचेच का? नावाच्या शेवटी नुसतं ‘ओमा’ असेल तर गाठ साधी आणि ‘कार्सिनोमा’ किंवा ‘सार्कोमा’ असेल तर कॅन्सर, हा नियम कितपत खरा? आणि ग्रेड व स्टेज या एकच गोष्टी आहेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे, त्याकडे पुढे येऊ. ‘ओमा’चा नियम बऱ्याच वेळा लागू पडतो, पण जिथे पडत नाही ती नावं नेमकी रोजच्या कामातली आहेत. मेलॅनोमा, लिम्फोमा, मेसोथेलिओमा, सेमिनोमा, मायलोमा या सगळ्यांच्या शेवटी ‘ओमा’ आहे आणि हे सगळे कॅन्सर आहेत. उलट ग्रॅन्युलोमा ही दाहाची प्रतिक्रिया आणि हेमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. दोन्ही हाताला गाठीसारखे लागू शकतात, पण निओप्लाझम नाहीत. ग्लॉकोमा आणि ट्रॅकोमा हे तर डोळ्यांचे आजार, त्यांत गाठीचा संबंधच नाही. त्यामुळे प्रत्यय पाठ करून भागत नाही. नाव वाचताना दोन गोष्टी शोधायच्या: या पेशी कुठल्या पेशींसारख्या घडल्या आहेत, आणि त्या कशा वागणार आहेत. नाव या दोनच प्रश्नांची उत्तरं देतं. आजार किती आक्रमक आहे आणि किती पसरला आहे, हे रिपोर्टात वेगळ्या ओळींवर असतं.

आधी शब्दांची व्याप्ती. लीजन हा सर्वांत सैल शब्द. ऊतीत काहीतरी बिघाड आहे एवढंच तो सांगतो. व्रण, गळू, डाग, गाठ, सगळं त्यात बसतं. रेडिओलॉजिस्ट तो मुद्दाम वापरतात, कारण सावली पाहून पेशी कळत नाही. ट्यूमरचा मूळ अर्थ नुसती सूज. सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची जी चार लक्षणं नोंदवली (लाली, सूज, उष्णता, वेदना) त्यांतली सूज म्हणजे ट्यूमर. आज मात्र व्यवहारात ट्यूमर आणि निओप्लाझम एकाच अर्थाने वापरतात. निओप्लाझम म्हणजे नवी वाढ: एखाद्या पेशीत जनुकीय बदल साचत जातात, तिची संतती वाढीची नेहमीची बंधनं पाळत नाही, आणि मूळ चेतावणी नाहीशी झाली तरी वाढ सहसा थांबत नाही. हायपरप्लाझियाशी, म्हणजे चेतावणी असेपर्यंतच होणाऱ्या पेशींच्या वाढीशी, त्याचा फरक इथेच आहे. गरोदरपणात स्तनातल्या ग्रंथी वाढतात, पण हॉर्मोन ओसरले की मागे फिरतात.

कॅन्सर म्हणजे निओप्लाझमपैकी फक्त घातक. म्हणजे प्रत्येक कॅन्सर निओप्लाझम असतो, पण प्रत्येक निओप्लाझम कॅन्सर नसतो. आणि प्रत्येक कॅन्सरमध्ये गाठ असतेच असंही नाही. ल्युकेमियात घातक पेशी अस्थिमज्जेत आणि रक्तात विखुरलेल्या असतात.

सौम्य की घातक, हे कशावरून ठरतं

पुस्तकात सौम्य आणि घातक गाठींचा लांबलचक तक्ता असतो: वाढीचा वेग, कवच, केंद्रकांचा आकार, पेशीविभाजनं, मृत भाग. त्यातल्या बहुतेक गोष्टी कल दाखवतात, निकाल देत नाहीत. निकाल देणाऱ्या गोष्टी दोनच. एक, शेजारच्या ऊतीत घुसणं, म्हणजे इन्व्हेजन. दुसरी, मूळ जागेशी संबंध नसलेल्या ठिकाणी नवी वस्ती करणं, म्हणजे मेटास्टॅसिस.

पेशी भेसूर दिसल्या म्हणजे गाठ घातकच, असं नाही. गर्भाशयाच्या लायोमायोमात (फायब्रॉइडमध्ये) कधीकधी मोठी, काळीकुट्ट, वेडीवाकडी केंद्रकं दिसतात, तरी ती गाठ सौम्य असते, कारण विभाजनं मोजकी असतात आणि पेशींचा गोठून मृत झालेला भाग नसतो. मज्जातंतूच्या आवरणाच्या सौम्य गाठीत, म्हणजे जुन्या श्वानोमात, तर अशी केंद्रकं नेहमीची. उलटही घडतं, आणि त्याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण थायरॉइडमध्ये सापडतं.

थायरॉइडचा फॉलिक्युलर ॲडेनोमा आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा शेजारी ठेवले तर पेशी हुबेहूब सारख्या असू शकतात. छोटे गोल फॉलिकल, एकसारखी केंद्रकं, भोवती तंतुमय कवच. फरक शोधायचा तो फक्त कवचात. गाठीच्या पेशी कवचाची पूर्ण जाडी भेदून पलीकडे गेल्या आहेत का? कवचातल्या किंवा कवचाबाहेरच्या रक्तवाहिनीत शिरून तिच्या भिंतीला चिकटल्या आहेत का? यांपैकी एक गोष्ट खात्रीने सापडली तर कार्सिनोमा, नाहीतर ॲडेनोमा. म्हणूनच सुईने काढलेल्या पेशींवरून, म्हणजे एफएनएसीवरून, हा फरक करता येत नाही. सुईत पेशी येतात, कवच येत नाही. रिपोर्टात ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ असं मोघम वाटणारं नाव येतं तेव्हा तो टाळाटाळीचा शब्द नसतो. त्या नमुन्यावरून त्यापुढे जाणं चूक ठरलं असतं.

याच कारणाने अशी गाठ कापताना मध्यभागाचे भरपूर तुकडे घेऊन उपयोग नाही. गाठ, कवच आणि बाहेरची ग्रंथी या तिन्ही गोष्टी एका तुकड्यात येतील अशा पद्धतीने कडेचे तुकडे घ्यावे लागतात, शक्य असेल तर संपूर्ण परिघाचे. इथे एक फसगत ठरलेली आहे: शस्त्रक्रियेआधी एफएनएसी झाली असेल तर सुईच्या वाटेवर कवच फाटून पेशी बाहेर डोकावतात आणि इन्व्हेजनचा भास होतो. त्या जागी जुन्या रक्तस्रावाचा तपकिरी हिमोसिडेरिन, ताजी तंतुमय ऊती आणि बऱ्या होत आलेल्या जखमेच्या खुणा असतील तर सावध व्हायचं.

वर्तनावरून नाव ठरतं, म्हणून पुरावा बदलला की नावही बदलतं. थायरॉइडच्याच एका कवचबंद गाठीला पूर्वी पॅपिलरी कार्सिनोमाचा प्रकार म्हणत. इन्व्हेजन नसेल तर ती जवळजवळ कधीच पसरत नाही हे दिसून आल्यावर २०१६ मध्ये तिच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढला. पेशी त्याच, रुग्ण तोच, पण नावामुळे होणारे अनावश्यक उपचार टळले. नावाला एवढं वजन असतं.

सौम्य आणि घातक यांच्या मधला पट्टाही खरा आहे. डेस्मॉइड फायब्रोमॅटोसिस मेटास्टॅसिस करत नाही, पण आजूबाजूच्या स्नायूंत मुळं पसरावीत तसा शिरतो आणि काढल्यावर पुन्हा येतो. जबड्यातला ॲमेलोब्लास्टोमा असाच. अंडाशयात ‘बॉर्डरलाइन’ गाठी असतात. ‘सौम्य’ म्हणजे निर्धोक असंही नव्हे. मेंदूच्या कवटीत जागाच नसते, तिथला मेनिंजिओमा किंवा हृदयाच्या कप्प्यातला मिक्सोमा जागेमुळे जीव घेऊ शकतो. उलट त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा घातक गटातला, खोलवर कुरतडत जाणारा, पण क्वचितच दूर पसरणारा.

नावाची घडण

बहुतेक नावांचे दोन भाग असतात. पुढचा भाग पेशी सांगतो, मागचा वर्तन. अभिस्तर ऊतीपासून, म्हणजे त्वचा, श्लेष्मल आवरण आणि ग्रंथी यांच्या पेशींपासून झालेली घातक गाठ ती कार्सिनोमा. चरबी, हाड, कूर्चा, स्नायू, रक्तवाहिन्या, तंतुमय ऊती यांच्यासारखी घडलेली घातक गाठ ती सार्कोमा. सौम्य जोडीदाराला नुसतं ‘ओमा’. लिपोमा आणि लिपोसार्कोमा, कॉन्ड्रोमा आणि कॉन्ड्रोसार्कोमा, हिमॅन्जिओमा आणि अँजिओसार्कोमा. गुळगुळीत स्नायू असेल तर लायोमायो, पट्टेदार असेल तर रॅब्डोमायो.

अभिस्तर गाठींत रचनेलाही नाव असतं. ग्रंथी बनवणारी सौम्य गाठ ॲडेनोमा, घातक ती ॲडेनोकार्सिनोमा. बोटांसारखे उंचवटे काढणारी सौम्य गाठ पॅपिलोमा, द्रवाच्या पोकळ्या असतील तर सिस्टॲडेनोमा. केराटिन तयार करणारी आणि पेशींमध्ये पूल दाखवणारी घातक गाठ स्क्वेमस सेल कार्सिनोमा. मूत्राशयाच्या अस्तराची ती युरोथेलियल कार्सिनोमा. पॉलिप हे मात्र निदान नाही. पोकळीत डोकावणारा उंचवटा एवढाच त्याचा अर्थ. तो पॉलिप दाहाचा आहे, हायपरप्लास्टिक आहे की ॲडेनोमा, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

पेशी ‘कुठून आली’ यापेक्षा ती ‘कशासारखी घडली आहे’ हा निकष महत्त्वाचा आहे, आणि हे नीट समजलं की अनेक कोडी सुटतात. मुलांमध्ये रॅब्डोमायोसार्कोमा मूत्राशयात किंवा पित्तनलिकेत होतो, जिथे पट्टेदार स्नायू मुळात नसतोच. सायनोव्हियल सार्कोमाचा सांध्याच्या सायनोव्हियमशी, म्हणजे आतल्या अस्तराशी, संबंध नाही. जुनं नाव तेवढं टिकून राहिलं आहे.

‘ब्लास्टोमा’ म्हणजे गर्भावस्थेतल्या कच्च्या पेशींसारखी घडण. रेटिनोब्लास्टोमा, न्यूरोब्लास्टोमा, मूत्रपिंडाचा नेफ्रोब्लास्टोमा (विल्म्स ट्यूमर), हे बालवयातले घातक ट्यूमर. पण ऑस्टिओब्लास्टोमा आणि कॉन्ड्रोब्लास्टोमा सौम्य गटातले, आणि ग्लिओब्लास्टोमा मुख्यतः प्रौढांचा.

टेराटोमात एकाहून जास्त भ्रूणस्तरांच्या ऊती असतात. अंडाशयातल्या परिपक्व सिस्टिक टेराटोमात, म्हणजे डरमॉइड सिस्टमध्ये, त्वचा, केस, तैलग्रंथी, कधी दात, कधी थायरॉइड सापडतं. तो सौम्य असतो. त्यात क्वचित कॅन्सर उद्भवला तर तो बहुतेक वेळा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. पण तशीच परिपक्व दिसणारी ऊती वयात आलेल्या पुरुषाच्या वृषणातल्या टेराटोमात असेल तर तो घातक समजायचा, कारण तिथे तो पसरतो. लहान मुलाच्या वृषणातला मात्र सौम्य. एकच चित्र, पण वय व जागा यांवर निकाल बदलतो. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर वय आणि जागा रिकामी ठेवली तर काय होऊ शकतं, हे यावरून लक्षात यावं.

व्यक्तींच्या नावाने ओळखले जाणारे ट्यूमर वेगळे पाठच करावे लागतात. हॉजकिन लिम्फोमा, बर्किट लिम्फोमा, यूइंग सार्कोमा, कापोसी सार्कोमा हे घातक. लाळग्रंथीतला वॉर्थिन ट्यूमर सौम्य. अंडाशयातला ब्रेनर ट्यूमर बहुधा सौम्य. क्रुकेनबर्ग ट्यूमर अंडाशयात सापडतो, पण तिथला नसतो. तो बहुतेक वेळा जठरातून आलेल्या सिग्नेट रिंग पेशींचा (अंगठीसारख्या दिसणाऱ्या घातक पेशींचा) असतो.

यातून आणखी एक नियम निघतो, आणि याबाबत रुग्णांचा फार गोंधळ होतो. मेटास्टॅसिसचं नाव मूळ जागेवरून पडतं. स्तनाचा कॅन्सर यकृतात गेला तर तो ‘यकृतातला स्तनाचा कॅन्सर’च असतो, यकृताचा कॅन्सर नव्हे. पेशी स्तनाच्या, उपचार स्तनाच्या कॅन्सरचे. यकृताच्याच पेशींचा कॅन्सर म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, त्याची औषधं वेगळी.

कार्सिनोमा लसिकावाहिन्यांतून आणि सार्कोमा रक्तातून पसरतो, असं शिकवतात. पायाभूत म्हणून ठीक आहे. पण थायरॉइडचा फॉलिक्युलर कार्सिनोमा, मूत्रपिंडाचा आणि यकृताचा कार्सिनोमा रक्ताची वाट पकडतात. आणि एपिथेलिऑइड सार्कोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, अँजिओसार्कोमा लसिकाग्रंथींत पोचतात. त्या तपासायला विसरू नयेत.

घातक व्हायच्या आधीचे टप्पे

मेटाप्लाझिया म्हणजे एका प्रकारच्या प्रौढ पेशींच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या प्रौढ पेशी येणं. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेत स्तंभाकार पेशींऐवजी स्क्वेमस पेशी येतात. आम्ल वर येऊन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला उलटा बदल होतो, त्याला बॅरेट म्हणतात. हा कॅन्सर नाही. डिसप्लाझिया म्हणजे पेशींची शिस्त बिघडणं: केंद्रकं मोठी आणि गडद, थरांचा क्रम विस्कटलेला, विभाजनं वरच्या थरांतही. हा बिघाड अभिस्तराच्या पूर्ण जाडीत पोचला, पण खालचा आधारपटल, म्हणजे बेसमेंट मेंब्रेन, शाबूत आहे, तर कार्सिनोमा इन सिटू. आधारपटल ओलांडला की इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा. इन सिटू अवस्थेत पेशींना लसिका किंवा रक्तवाहिनी गाठता येत नाही, म्हणून पूर्ण काढून टाकल्यास पसरण्याचा धोका जवळपास नसतो. सगळा फरक त्या एका रेषेचा आहे.

मोठ्या आतड्यात ही रेषा थोडी खाली सरकते. तिथे पेशी आधारपटल ओलांडून लॅमिना प्रोप्रियात (अस्तराच्या लगतच्या थरात) आल्या तरी टीएनएममध्ये, म्हणजे स्टेज सांगण्याच्या पद्धतीत, त्याला पीटीआयएसच (इन सिटूच) म्हणतात. मस्क्युलॅरिस म्युकोसी (त्याखालचा स्नायूचा पातळ पदर) ओलांडून सबम्युकोसात (त्याच्याही खालच्या थरात) उतरल्यावरच पीटी१, म्हणजे इन्व्हेसिव्ह. म्हणून पॉलिपच्या रिपोर्टात ‘इंट्राम्युकोसल’ आणि ‘इन्व्हेसिव्ह’ हे शब्द अदलाबदल करून वापरू नयेत. एकाने काम पॉलिप काढण्यावर भागतं, दुसऱ्याने आतड्याचा भाग काढण्याचा विचार सुरू होतो.

तुकडा तिरपा कापला गेला तर इन सिटूच्या ग्रंथी खाली तुटून पडल्यासारख्या दिसतात आणि इन्व्हेजन वाटतं. अशा वेळी ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या तुकड्यातून) आणखी खोलवरचे काप घेऊन पाहायचे. भोवतीच्या ऊतीची प्रतिक्रिया नसेल, पेशींच्या टोळीची कड गोल आणि गुळगुळीत असेल, तर तो भासच असण्याची शक्यता जास्त.

ग्रेड आणि स्टेज

ग्रेड म्हणजे पेशी मूळ ऊतीपासून किती दूर गेल्या आहेत. ती स्लाइडवर ठरते. स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर गेला आहे. त्यासाठी स्लाइड, काढलेला अवयव, लसिकाग्रंथी आणि स्कॅन, सगळं लागतं. ‘ग्रेड ३’ ऐकून ‘तिसरी स्टेज’ समजणं ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत जास्त घाबरवणारी चूक. १२ मिलिमीटरची, ग्रंथींत न पसरलेली गाठ ग्रेड ३ असूनही पहिल्या स्टेजची असू शकते.

प्रत्येक अवयवाची ग्रेडची पद्धत वेगळी, म्हणून आकडा पद्धतीशिवाय वाचू नये. स्तनाच्या कार्सिनोमासाठी नॉटिंगहॅम पद्धत आहे. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण: ग्रंथी किती बनतात (७५ टक्क्यांहून जास्त भागात असतील तर १, १० टक्क्यांहून कमी असतील तर ३), केंद्रकं किती बिघडली आहेत, आणि विभाजनं किती. बेरीज ३ ते ५ असेल तर ग्रेड १, ६ किंवा ७ असेल तर ग्रेड २, ८ किंवा ९ असेल तर ग्रेड ३. समजा ग्रंथी ३, केंद्रकं २, विभाजनं १. बेरीज ६, ग्रेड २. त्याच गाठीत विभाजनांचे गुण ३ झाले तर बेरीज ८ आणि ग्रेड ३.

आता इथेच खरी अडचण. विभाजनं ‘१० हाय पॉवर फील्ड’मध्ये मोजतात, पण फील्ड प्रत्येक सूक्ष्मदर्शकात सारखं नसतं. फील्डचा व्यास ०.५ मिलिमीटर असेल तर १० फील्डचं क्षेत्रफळ जवळपास २ चौरस मिलिमीटर होतं. व्यास ०.४ असेल तर सुमारे १.२६, आणि ०.६५ असेल तर सुमारे ३.३. म्हणजे त्याच स्लाइडवर एकाला दुसऱ्याच्या अडीचपट ऊती दिसते. आपल्या सूक्ष्मदर्शकाचा व्यास स्टेज मायक्रोमीटरने (मापाच्या रेघा कोरलेल्या काचेने) एकदा मोजून ठेवावा आणि गुणांच्या तक्त्यात त्याच व्यासाचा रकाना वापरावा. मोजायचं ते सर्वांत सक्रिय भागात, साधारणपणे गाठीच्या वाढत्या कडेला. आणि सुकून काळी पडलेली केंद्रकं विभाजन म्हणून धरायची नाहीत.

प्रोस्टेटमध्ये ग्लीसन पद्धतीत रचना पाहतात, पेशी नाही. शस्त्रक्रियेने काढलेल्या प्रोस्टेटमध्ये सर्वांत जास्त असलेल्या रचनेचा आकडा आधी, त्याखालोखाल असलेल्या रचनेचा नंतर. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७, पण दुसरा जास्त आक्रमक; म्हणून आता पहिल्याला ग्रेड ग्रुप २ आणि दुसऱ्याला ३ म्हणतात. रिपोर्टात नुसतं ‘ग्लीसन ७’ लिहिणं अपुरं आहे. आतड्याच्या न्यूरोएंडोक्राइन (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) ट्यूमरमध्ये केआय-६७ चं, म्हणजे वाढत असलेल्या पेशी दाखवणाऱ्या मार्करचं, प्रमाण ३ टक्क्यांखाली असेल तर ग्रेड १, ३ ते २० असेल तर २, त्याहून जास्त असेल तर ३. जुन्या रिपोर्टांत ज्याला कार्सिनॉइड म्हणत, तो आता बहुतेक याच नावाखाली येतो.

स्टेजसाठी टीएनएम पद्धत वापरतात. ती पिएर देन्वा या फ्रेंच शल्यविशारदाने १९४३ ते १९५२ या काळात आखली. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथी, एम म्हणजे दूरचा प्रसार. समोर ‘सी’ असेल तर तपासणी व स्कॅनवरून, ‘पी’ असेल तर काढलेल्या नमुन्यावरून, ‘वाय’ असेल तर औषधं किंवा रेडिएशन दिल्यानंतर. ‘एनएक्स’ आणि ‘एन०’ वेगळे आहेत: पहिल्याचा अर्थ ग्रंथी तपासताच आल्या नाहीत, दुसऱ्याचा अर्थ तपासल्या आणि स्वच्छ निघाल्या.

टी कसा ठरतो हेही अवयवागणिक बदलतं. स्तनात आकार: २ सेंटीमीटरपर्यंत टी१, ५ पर्यंत टी२, त्यापुढे टी३, छातीची भिंत किंवा त्वचा बाधित असेल तर टी४. मोठ्या आतड्यात आकाराला किंमत नाही, खोलीला आहे: सबम्युकोसा टी१, स्नायूचा थर टी२, तो ओलांडून बाहेरच्या चरबीत टी३, बाहेरचं पेरिटोनियम किंवा शेजारचा अवयव गाठला तर टी४. आठ सेंटीमीटरची फुगीर गाठ टी२ असू शकते आणि तीन सेंटीमीटरची टी४.

स्तनाच्या नमुन्यात एक चूक फार सहज होते. हाताला ३४ मिलिमीटरचा भाग टणक लागला, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला १४ मिलिमीटरच इन्व्हेसिव्ह आणि बाकी डक्टल कार्सिनोमा इन सिटू निघाला. टी ठरवताना फक्त १४ धरायचा: पीटी१सी. सगळा ३४ धरला तर रुग्ण विनाकारण पीटी२ मध्ये जातो. इन सिटूचा विस्तार वेगळा लिहायचा, कारण मार्जिनसाठी, म्हणजे काढलेल्या नमुन्याची कड स्वच्छ आहे का हे सांगण्यासाठी, तो लागतो.

लसिकाग्रंथींची संख्या मन लावून शोधावी. मोठ्या आतड्याच्या नमुन्यात किमान १२ ग्रंथी तपासाव्यात असा संकेत आहे. ४ ग्रंथी पाहून ‘एन०’ लिहिलं तर त्या शून्याचा भरवसा कमी. कमी सापडल्या तर चरबी पुन्हा एकदा बोटांनी चाचपून पाहावी. १ ते ३ ग्रंथी बाधित असतील तर एन१, ४ किंवा जास्त असतील तर एन२. स्तनात काखेच्या ग्रंथीतली पेशींची वस्ती ०.२ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती एन० मध्येच धरतात, ०.२ ते २ मिलिमीटर असेल तर मायक्रोमेटास्टॅसिस.

पेशी ओळखूच येत नसतील तेव्हा

घडण पूर्ण हरवलेल्या गाठीला ॲनाप्लास्टिक किंवा अनडिफरन्शिएटेड म्हणतात. तिथे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं (मार्कर) रंगवून ओळखण्याची चाचणी, लागते. पहिला छोटा संच असा: अभिस्तरासाठी सायटोकेराटिन, लिम्फोमासाठी सीडी४५, मेलॅनोमासाठी एस१०० किंवा सॉक्स१०. व्हिमेंटिन जवळपास सगळीकडे रंगतं, त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. पुढचा टप्पा जागेचा: फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमासाठी टीटीएफ-१, आतड्यासाठी सीके२० आणि सीडीएक्स२, प्रोस्टेटसाठी एनकेएक्स३.१, गिस्टसाठी (पचनमार्गाच्या भिंतीतल्या स्ट्रोमल गाठीसाठी) सीडी११७ आणि डॉग१. एकाच मार्करवर निदान टांगू नये. सायनोव्हियल आणि एपिथेलिऑइड सार्कोमा सायटोकेराटिन घेतात. टीटीएफ-१ थायरॉइडमध्येही रंगतो. काही ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा सीडी४५ दाखवत नाहीत आणि सीडी३० मागवलं नाही तर निसटतात.

‘स्मॉल राउंड सेल ट्यूमर’ हेही अंतिम निदान नाही. यूइंग, न्यूरोब्लास्टोमा, लिम्फोमा, रॅब्डोमायोसार्कोमा या सगळ्यांचं पहिलं दर्शन तसंच असतं. रिपोर्ट एवढ्यावर थांबला असेल तर पुढच्या चाचण्या झाल्याशिवाय उपचार ठरवू नयेत.

काही ठिकाणी आता नावच जनुकावर ठरतं. गिस्टला पूर्वी गुळगुळीत स्नायूच्या गाठींत धरत. १९९८ मध्ये त्यातले केआयटी जनुकातले बदल समोर आले आणि वर्गच बदलला, औषधही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातला बदल आणि १पी व १९क्यू या गुणसूत्रांच्या दोन्ही भागांचा लोप सिद्ध झाल्याशिवाय ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा हे नाव पक्कं होत नाही, पेशी कितीही तशा दिसोत.

कॅन्सरच्या नोंदणीसाठी जो आयसीडी-ओ (गाठींच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा) संकेतांक लागतो, त्यात हीच विचारपद्धती आकड्यांत आहे. पहिले चार अंक पेशीप्रकार सांगतात, तिरक्या रेघेनंतरचा अंक वर्तन: ० सौम्य, १ अनिश्चित किंवा बॉर्डरलाइन, २ इन सिटू, ३ घातक आणि मूळ जागेचा, ६ मेटास्टॅसिस. ८१४०/० म्हणजे ॲडेनोमा, ८१४०/३ म्हणजे ॲडेनोकार्सिनोमा. कुठलंही अवघड नाव समोर आलं तर त्याचा शेवटचा अंक पाहावा. ‘ओमा’पेक्षा तो अंक कधीही जास्त विश्वासाचा.

नमुना बिघडला की नावही बिघडतं

वर लिहिलेलं सगळं फॉर्मॅलिनवर अवलंबून आहे. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, नमुन्याच्या किमान १० पट. ते ऊतीत ताशी साधारण १ मिलिमीटर शिरतं. म्हणून मोठा अवयव अखंड बुडवून ठेवला तर मधला भाग कुजतो. साधारण ५ ते १० मिलिमीटरचे काप देऊन, मध्ये कागद किंवा गॉझ ठेवून तो उघडा करावा. स्तनाचा नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जावा आणि त्यात ६ ते ७२ तास राहावा, नाहीतर ईआर आणि हर२ (स्तनाच्या कॅन्सरचं औषध ठरवणाऱ्या चाचण्या) खोटे निगेटिव्ह येऊ शकतात. उशीर झाला तर विभाजनंही ओळखू येत नाहीत आणि ग्रेड खोटी कमी लागते. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा बहुधा वाया जातो. लिम्फोमाची शंका असेल तर एक भाग फॉर्मॅलिनशिवाय, ताजा, फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवरचे मार्कर मोजणाऱ्या चाचणीसाठी) वेगळा ठेवावा. सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकल्यावर ती संधी परत येत नाही. हाडाचा नमुना जोरदार आम्लात मऊ केला तर डीएनए खराब होतो, जनुकीय चाचणी लागणार असेल तर ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू काढणारं रसायन) बरं.

दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायचं असेल तर नुसता छापील रिपोर्ट पाठवून उपयोग होत नाही. मूळ एचअँडई (नेहमीच्या रंगाची) स्लाइड, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या स्लाइड आणि गाठीचा प्रातिनिधिक पॅराफिन ब्लॉक मागून घ्यावा. स्लाइडवर रंग आधीच चढलेला असतो, ब्लॉकमधून मात्र ३ ते ५ मायक्रॉनचे नवे काप काढता येतात. ब्लॉक देताना प्रयोगशाळेने त्याचा क्रमांक आणि तो नमुन्याच्या कुठल्या भागाचा आहे हे लिहून द्यायला हवं; ‘ए३’ म्हणजे गाठीची कड की मार्जिन, हे कळल्याशिवाय पुढच्या पॅथॉलॉजिस्टला त्यावरून टी किंवा मार्जिन सांगता येत नाही.